दोन दिवस, सहा मैत्रिणी

प्रश्न : कॉलेजच्या आम्ही सहा मैत्रिणी खूप वर्षांनी पुण्यात भेटतोय. शनिवार-रविवारी महाबळेश्वर, प्रतापगड, कास, सज्जनगड असं सगळं करायचं आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, पण निम्मा वेळ गाडीत जाईल आणि गप्पा राहतील. मी तुमच्या जागी असते तर वाईलाच मुक्काम टाकला असता. शनिवारी सहाच्या आत पुणे सोडा; उशीर झाला की खंबाटकी घाटात अडकलाच. सुरूर फाट्यावरून आत वळा. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, मग जवळच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा निवांत बघा आणि नदीकाठच्या देवळातली घंटा अजिबात चुकवू नका. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. जवळ जाऊन निरखा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसेल. 'स्वदेस'चं चित्रीकरणही याच घाटावर झालं, त्यामुळे फोटोंची हौस इथेच फेडून घ्या.

रविवारी पसरणी घाटाने पाचगणी, टेबललँडवर सकाळीच फेरफटका. मोसमात स्ट्रॉबेरी मिळेलच. कास मात्र यातून वगळा. तिथली फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि त्यासाठी वेगळा दिवसच हवा.

खर्चाचा हिशेब एकीकडेच सोपवा. रविवारी जेवण उरकून तीनच्या आत परत निघा, संध्याकाळी महामार्ग तुंबतो.