मोठी ध्वनिमुद्रणे पाठविण्याची रीत



एका शाळेतील मुलांनी गावातील एका वृद्ध आजींच्या जात्यावरील ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. ते मुद्रण परगावच्या अभ्यासकाकडे पाठविले जात असता मध्येच रेंज गेली. फाईल पोहोचली अशा समजुतीने, मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून, मूळ मुद्रण पुसण्यात आले. पुढे आजी निवर्तल्या. ओव्यांचे शब्द मुलांच्या वहीत उरले. चाल मात्र कायमची गेली. असा प्रसंग पुन्हा येऊ नये, हाच या पाठाचा हेतू होय.

आकार का वाढतो?

वेव्ह प्रकारच्या नेहमीच्या फाईलमध्ये आवाजाचे दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजमाप होते व प्रत्येक मोजमापास २ बाइट लागतात. त्यामुळे एका मिनिटास सुमारे ५ एमबी, तर अर्ध्या तासास सुमारे १६० एमबी जागा व्यापते. स्टिरिओ मुद्रणास याच्या दुप्पट जागा लागते. तेच मुद्रण एमपी-३ प्रकारात, ६४ केबीपीएस दराने घेतल्यास सुमारे १४ एमबी होते. कानास सहसा न जाणवणारा भाग त्यात वगळला जातो. परंतु तो मागाहून परत मिळत नाही. सबब ऐकण्यासाठी एमपी-३ व जतनासाठी मूळ फाईल, हा भेद ध्यानी ठेवावा. झिप केल्याने ध्वनिफाईल विशेष लहान होत नाही.

पाठविण्याचे मार्ग

१. ई-मेल : जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पाठविताना जोडलेल्या फाईलचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. म्हणून फाईल १८ एमबीच्या आत असावी.

२. व्हॉट्सॲप : फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. अशी २ जीबीपर्यंतची फाईल जाते.

३. गूगल ड्राइव्ह : फाईल अपलोड करून तिची लिंक पाठवावी. लिंक उघडण्याची परवानगी देण्याचे पुष्कळदा राहून जाते. मुलांचे आवाज असल्यास परवानगी सर्वांस न देता केवळ घेणाऱ्याच्या ई-मेल पत्त्यास द्यावी.

घ्यावयाची खबरदारी

फाईलला गाव, विषय व दिनांक दर्शविणारे नाव द्यावे. पोहोचलेल्या फाईलचा आकार मूळ फाईलशी जुळतो की नाही, हे विचारून घ्यावे. घेणाऱ्याने आरंभ, मध्य व शेवट ऐकून तसे कळवावे. तोपर्यंत मूळ फाईलला हात लावू नये. त्यानंतरही तिची एक प्रत शाळेच्या पेन ड्राइव्हवर ठेवावी.

स्वाध्याय

वरच्या वर्गातील मुलांकडून पुढील गणित सोडवून घ्यावे : २० मिनिटांच्या ओव्यांचे वेव्ह मुद्रण किती एमबी होईल? ते ई-मेलने जाईल काय? न गेल्यास कोणता मार्ग योजाल?

पाठविणे म्हणजे पोहोचणे नव्हे, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी या पाठाचे सार्थक झाले.