आफ्रिकन ग्रेची जोडी घेण्याआधी

‘जमलेली जोडी’ म्हणून विक्रेत्याने आम्हाला दोन आफ्रिकन ग्रे पोपट दिले. दोघे एकमेकांना भरवत, मान खाजवून देत. घरट्याच्या पेटीत अंडी आली, पण नेहमीच्या ३ ते ५ पेक्षा बरीच जास्त आणि सगळी वांझ. पिसांची डीएनए तपासणी केली, तेव्हा दोन्ही माद्या निघाल्या. त्यातलीच एक अंडी घालून झाल्यावर थरथरून दांडीवरून खाली पडली. डॉक्टरांनी निदान केले: कॅल्शियम संपले आहे. वेळेवर उपचार झाले म्हणून ती वाचली.

या जातीत नर-मादी दिसायला सारखेच असतात. त्यामुळे तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय जोडीचे पैसे मोजू नका. डोळेही पाहा. बुबुळाभोवतीचा भाग काळसर असेल तर पक्षी लहान आहे. तो पिवळसर व्हायला वेळ लागतो आणि वीण तर साधारण ४-५ वर्षांनंतरच. अंडी उबायला सुमारे २८ दिवस आणि पिल्लू पेटीबाहेर यायला जवळपास १२ आठवडे लागतात. घाई करून काहीच साधत नाही.

कॅल्शियमची कमतरता या पक्ष्यांत फार आढळते. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊ नका. पालेभाज्या, गाजर, पेलेट्स द्या, पिंजऱ्यात समुद्रफेस टांगा. आम्ही राहतो त्या तुळिंज भागात इमारतीला इमारत चिकटलेली, घरात ऊन येत नाही; काचेतून आलेल्या उन्हाने तर ‘ड’ जीवनसत्त्व तयारच होत नाही आणि त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून सकाळचे कोवळे ऊन गॅलरीत, सावलीची सोय ठेवून, थेट मिळू द्या.

कागदपत्रांत हयगय नको. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांत, झाडांच्या ढोलींत वाढणारा हा पक्षी पकडून विकल्यामुळे संकटात आला. २०१६ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारातील देशांनी त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातले. आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी पाळणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची असते. पिल्ले झाली तर तीही कळवायची. विक्रेत्याकडे नोंदणी नसेल, तर पक्षी कितीही गोड बोलो, तो घेऊ नका.

ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. एकटा पडला की स्वतःची पिसे उपटतो. आपल्यानंतर त्याला कोण सांभाळणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा आणि मगच पिंजरा आणायला निघा.