मुक्या सोबत्यांची शुश्रूषा

घोडा आजारी पडला तर तो कोणाला सांगतो? माणसाचे पोट दुखले तर तो तसे बोलून दाखवितो. लहान मूल निदान रडते तरी. घोडा बहुधा तेही करीत नाही. रानात कळपाने हिंडणाऱ्या त्याच्या पूर्वजांना दुखणे लपविण्यातच आपले हित वाटे. कारण लंगडणारा किंवा मागे रेंगाळणारा घोडा लांडग्यांच्या दृष्टीस सर्वांत आधी पडे. तबेल्यात बांधलेल्या घोड्याने ती सवय अद्याप सोडलेली नाही. म्हणून घोडा पाळणाऱ्याला औषधांची नावे थोडी कमी ठाऊक असली तरी चालेल. परंतु पाहण्याची आणि ऐकण्याची विद्या मात्र त्याला आलीच पाहिजे.

ही विद्या फार जुनी आहे. तुर्कस्तानातील बोगाझकोय या गावाजवळ हित्ती लोकांच्या राजधानीचे अवशेष सापडले. तेथील मातीच्या लेखपट्टांमध्ये अश्वशिक्षणावरचा एक ग्रंथ निघाला. तो तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा कर्ता किक्कुली हा मितन्नी देशाचा अश्वशिक्षक होता. रथाच्या घोड्यांना कोणत्या दिवशी किती पळवावे, चारा केव्हा द्यावा, पाणी केव्हा तोडावे, केव्हा धुवावे आणि अंगावर झूल केव्हा घालावी, याचा कित्येक महिन्यांचा दिनक्रम त्याने लिहून ठेवला आहे. मौज अशी की, घोड्यांच्या फेऱ्या मोजताना तो ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द वापरतो. एक, तीन, पाच, सात! आपल्या तोंडी रोज असणाऱ्या संख्यांचे हे आप्त इतक्या दूरच्या मातीत दडून राहिले होते.

आपल्याकडेही अश्ववैद्यकाला मानाचे स्थान होते. अज्ञातवासात नकुलाने विराटाच्या घरी ग्रंथिक या नावाने अश्वशाळा सांभाळली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. शालिहोत्र हे नाव तर अश्ववैद्यकाशी इतके एकरूप झाले की, उत्तर हिंदुस्थानात घोड्यांच्या वैद्याला सलोत्री म्हणू लागले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक घोड्यासाठी त्याच्या लांबीएवढी चौरस जागा असावी, खाली गुळगुळीत फळ्या असाव्यात, चाऱ्याची पेटी असावी आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय असावी, असे तेथे सांगितले आहे. त्याच प्रकरणातील एक नियम मला फार मोलाचा वाटतो. उपचारात किंवा औषधात चूक होऊन घोड्याचा रोग वाढला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. आणि त्या चुकीने घोडा दगावला, तर त्याच्या किमतीएवढा दंड! औषध जसे बरे करते तसेच ते मारूही शकते, हे त्या काळच्या लोकांनी पुरते ओळखले होते.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याला कारण आहे. माझ्या लहानपणी, १९६८ साली, आमच्या घराशेजारी एक टांगेवाले राहत. सारी आळी त्यांना चाचा म्हणे. त्यांचा मोती नावाचा तांबडा घोडा होता. स्टेशनापासून बाजारापर्यंत टांगा ओढणे हे त्याचे काम. चाचांचा त्याच्यावर फार जीव. स्वतःची भाकर होण्याआधी ते त्याचा तोबरा भरीत.

गावच्या जत्रेचा दिवस होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत मोतीला क्षणाचीही उसंत मिळाली नाही. गवत खाण्यास वेळ नव्हता. पाणीही एक-दोनदाच मिळाले. कमाई बरी झाली होती. चाचांना घोड्याची कीव आली आणि त्या कृतज्ञ माणसाने काय करावे? रात्री घरी येताच नेहमीच्या दुप्पट चंदी मोतीपुढे ठेवली. भुकेल्या मोतीने ती बघता बघता फस्त केली.

मध्यरात्री टापांचा आवाज ऐकून आम्ही जागे झालो. मोती पुढच्या पायाने जमीन उकरीत होता. मान वळवून तो पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे पाही. मग एकदम खाली बसे, लोळे आणि पुन्हा उठे. त्याचे अंग घामाने निथळत होते. पोटशूळ उठला होता. आळीतील माणसे जमली आणि जो तो उपाय सांगू लागला. अखेर पाव शेर गोडेतेल पाजण्याचे ठरले. दोघांनी मोतीचे डोके दोरीने वर ओढून धरले आणि तिसऱ्याने बाटली त्याच्या घशात रिकामी केली. मोती ठसकला. 'तेल घरचे आहे, त्याने अपाय होणार नाही,' असे कोणीतरी म्हणाले. आम्हां सर्वांनाही तेच वाटले.

पहाटे गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी नाकावाटे पोटात नळी घातली आणि साचलेला वायू व द्रव बाहेर काढला. दुपारपर्यंत पोट मोकळे झाले, लीद पडली आणि चाचांच्या डोळ्यांत पाणी आले. पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ते मोतीच्या छातीला कान लावून पुन्हा पुन्हा ऐकत होते. मोतीच्या पोटाचे दुखणे बरे झाले होते. परंतु बाटलीतील तेल ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरले होते. फुप्फुसांना सूज आली. पाचव्या दिवशी मोती गेला.

चाचा आठ दिवस ओट्यावर बसून होते. त्यांनी घोड्यावर प्रेम केले नाही असे कोण म्हणेल? उणीव प्रेमाची नव्हती. घोड्याचे शरीर कसे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

ते शरीर मोठे चमत्कारिक आहे. एवढ्या मोठ्या प्राण्याची जठराची पिशवी अवघी ८ ते १५ लिटरांची. उलट पुढील मोठ्या आतड्याचा पसारा १०० लिटरांहून अधिक. तेथे असंख्य सूक्ष्म जीव गवतातील तंतू कुजवून त्यांचे अन्न बनवितात. म्हणजे घोडा हा थोडे थोडे, पण सतत खाणारा प्राणी आहे. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. चघळताना त्याच्या तोंडात लाळ सुटते आणि ती जठरातील आम्ल सौम्य करते. आपल्या तोंडाला नुसत्या वासाने पाणी सुटते. घोड्याची लाळ चघळल्यावाचून सुटत नाही. तो उपाशी उभा राहिला की आम्ल त्याच्याच जठराला जाळू लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, घोड्याला ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप इतकी घट्ट असते की, आत गेलेले परत वर येत नाही. माणसाला जास्त झालेले अन्न उलटून पडते. घोड्याचे जठर मात्र फुगत जाते, प्रसंगी फाटतेही. शिवाय एकदम पोटात गेलेले पुष्कळ धान्य मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. त्यामुळे केवळ पोटशूळच होतो असे नव्हे, तर खुरांच्या आतील नाजूक पडद्याला सूज येऊन घोडा कायमचा पांगळाही होऊ शकतो. चंदीची चूक पायाला भोवते, हे कोणाला खरे वाटेल?

वर्षभराने चाचांनी एक काळी घोडी आणली. तिचे नाव चिमणी. या वेळी चाचा आधी डॉक्टरांकडे गेले आणि जमिनीवर बसून सारे विचारून आले.

त्या दिवसापासून तबेल्याची रीत पालटली. गव्हाणीत गवत नेहमी असे. चंदी तीन वेळा, मूठ मोजून, आणि तीही गवतानंतर. नवा चारा आला तर तो जुन्यात मिसळून आठवडाभरात हळूहळू वाढविला जाई. पाण्याची कुंडी रोज घासली जाई, कारण घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते आणि शेवाळलेले पाणी तो तहानेला असूनही नाकारतो. पूर्वी चाचा डासांसाठी संध्याकाळी तबेल्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर कोंडीत. डॉक्टरांनी तो बंद करविला आणि त्याऐवजी भिंतीत खिडकी पाडून घेतली. ओल्या पेंढ्यात मूत्र साचून जो उग्र दर्प येतो, तो आणि धूर, दोन्ही घोड्याच्या फुप्फुसांचे वैरी. मात्र जुने सारेच टाकले असे नाही. सकाळचा खरारा तसाच चालू राहिला. खराऱ्याने कातडी स्वच्छ होते हे तर खरेच. पण अंगावरून हात फिरविताना एखादी गाठ, एखादी जखम, एखादा ऊन लागणारा सांधा हाताला कळतो, हा त्याचा मोठा लाभ. दुखणे लपविणाऱ्या प्राण्याला हाताने वाचावे लागते.

खरारा झाला की चाचा चारही पाय उचलून पाहत. खुराच्या तळाशी मधोमध त्रिकोणी मऊ भाग असतो. त्याच्या बाजूच्या खाचांत खडे आणि चिखल अडकून ती जागा सडते. खुराची भिंत महिन्याला सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणून दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद येऊन खूर तासून जाई. संध्याकाळी टांगा सुटला की चिमणीला मागच्या परसात मोकळे सोडीत. एकटा घोडा कष्टी होतो, म्हणून चाचांनी तिच्या सोबतीला एक शेळी पाळली. शेळी दिसेनाशी झाली की चिमणी खिंकाळून सारी आळी डोक्यावर घेई. शेळीला याची मुळीच पर्वा नसे.

स्वाभाविक उपचार म्हणतात ते मुख्यतः हेच. योग्य चारा, स्वच्छ हवा, हालचाल, सोबत आणि रोजची देखरेख. झाडपाल्याचे औषध ही वेगळी गोष्ट आहे. 'झाडाचे आहे, म्हणजे निर्धोक' हा समज तर सर्वस्वी चुकीचा. कण्हेर आपल्या कुंपणावरच उभी असते. तिची मूठभर पाने घोड्याचे हृदय बंद पाडण्यास पुरतात. एरंडाच्या बियाही तशाच घातक. जमिनीतील जंतू खिळ्याच्या लहानशा जखमेतून शिरले तर घोड्याला धनुर्वात होतो, आणि सर्व पाळीव जनावरांत घोडा या रोगाला विशेष बळी पडतो. तेथे पाला बांधून काही होत नाही. आधी टोचलेली लसच उपयोगी पडते. चिमणीला ती वेळच्या वेळी टोचली जाई.

घरातील कुत्र्या-मांजरांविषयीही असेच म्हणावे लागेल. आपल्याला जे पथ्यकर ते त्यांनाही पथ्यकर, असे धरून चालू नये. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. गोचिडांसाठी रॉकेल चोळणारे लोकही मी पाहिले आहेत. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटातही जाते. कुत्रा गवत खाऊ लागला की तो स्वतःच औषध घेत आहे असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु बहुतेक कुत्री आजारी नसतानाही गवत खातात. कदाचित त्यांना ते आवडतही असेल!

एका बाबतीत मात्र घरगुती उपायाला यत्किंचितही वाव नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून येणारा रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यातून सहसा कोणी वाचत नाही. कुत्रा चावल्यास जखमेवर मिरची, चुना किंवा हळद लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तडक दवाखाना गाठून लस घ्यावी. पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला ती प्रथम टोचली. पाळलेल्या कुत्र्यालाही लस टोचून घेतली तर घर आणि आळी दोन्ही निर्धास्त राहतात.

आपण जनावरांची काळजी घेतो असे म्हणतो. वस्तुतः तीही आपली घेत असतात. मुंबईस परळला १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. सर्पदंशावरचे प्रतिविष तेथे घोड्यांच्या रक्तापासून तयार होत आले आहे. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे, पुढे क्रमाने वाढवीत टोचले की त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये निर्माण होतात. शेतात साप चावलेला माणूस पुष्कळदा अनोळखी घोड्याच्या रक्ताने वाचलेला असतो.

चिमणी आमच्या आळीत पुष्कळ वर्षे राहिली. मी शाळेतून येता-जाता तबेल्यापाशी थांबत असे. एके दिवशी चाचांनी मला आत बोलाविले आणि तिच्या जबड्याखालच्या शिरेवर माझे बोट ठेवून ठोके मोजावयास लाविले. एका मिनिटात छत्तीस झाले. 'बरोबर. निवांत घोड्याचे अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असावेत. साठाच्या पुढे गेले तर धावत डॉक्टरांकडे जायचे. बाटली नाही शोधायची,' चाचा म्हणाले आणि क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी माझे डोके धरून हलकेच तिच्या कुशीला टेकविले. 'आता कान लाव, बाळ. काही ऐकू येते?'

प्रथम काहीच ऐकू आले नाही. मग खोल कोठेतरी दूरच्या ढगासारखी गडगड झाली, थांबली, आणि पाणी वाहावे तसा खळखळाट सुरू झाला.

'येते,' मी म्हणालो.

'मग ठीक आहे. हा आवाज बंद झाला की भ्यायचे,' असे म्हणून चाचांनी खरारा उचलला आणि ते आपल्या कामाला लागले.