पाच वर्षांचा विमा, पण कोणाचा?

दुचाकीचा विमा पाच वर्षांचा असतो, असं टिटवाळ्यात कुणीही ठामपणे सांगेल. ते खोटंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1 सप्टेंबर 2018 पासून शोरूममधून निघणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. फक्त ही पाच वर्षं दुसऱ्यांसाठी असतात. आपल्या गाडीची कुणाला धडक बसली, कुणी जायबंदी झालं, कुणाचा जीव गेला, तर त्यांना भरपाई मिळावी म्हणून. आपली गाडी बुडाली, जळाली, चोरीला गेली, तर त्या पाच वर्षांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

मला हे 22 जुलै 2021 रोजी कळलं. आदल्या रात्रीच्या पावसाने काळू नदी फुगली होती, कसारा घाटात दरडी आल्या होत्या, टिटवाळ्याच्या पुढची लोकल बंद होती, आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दुचाक्यांचे नुसते आरसे पाण्याच्या वर दिसत होते. माझी 125 सीसीची गाडी 2019 च्या दसऱ्याची. घेतली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कागद हातात ठेवत, "काका, आता 2024 पर्यंत बघायला नको," म्हटलं होतं. कागदावर 2024 होतंच. शेजारच्या रकान्यात ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असं लिहून ऑक्टोबर 2020 ची तारीखही होती. ती लॉकडाउनच्या धामधुमीत येऊन गेली. तेव्हा गाडी जागची हलत नव्हती, विम्याचा विचार कोण करणार? पुढे नाक्यावर हवालदाराने कागद पाहिले तेव्हा तेही बरोबर निघाले, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 ला थर्ड पार्टीच लागतो. तो नसेल तर पहिल्या वेळी 2000 रुपये दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. पोलिसाचं समाधान झालं की आपला विमा पुरा आहे, असं वाटायला लागतं. कंपनीच्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं की पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं आणि तुमचं ओन डॅमेज नऊ महिन्यांपूर्वी संपलंय. वायरिंगपासून इंजिन ऑइलपर्यंतचा सगळा खर्च खिशातून झाला.

म्हणून आता कुणी पॉलिसी दाखवायला आणली की मी आधी तारखा विचारतो. थर्ड पार्टीची एक, ओन डॅमेजची दुसरी, आणि मालक-चालकाच्या अपघात विम्याची तिसरी. ही तिसरीही बरेचदा एकाच वर्षाची असते. थर्ड पार्टी चालू असेल तर नुसतं ओन डॅमेज वेगळं घेता येतं, दुसऱ्या कंपनीकडूनसुद्धा. 2019 पासून ही सोय आहे. खंड पडला असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करून घेते, आणि खंड नव्वद दिवसांपलीकडे गेला तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो वर्षागणिक 20 टक्क्यांपासून 50 पर्यंत चढतो, तेव्हा जाऊ देण्यासारखा नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. जून 2022 पासूनच्या दरात 75 ते 150 सीसीच्या गाडीला वर्षाचे 714 रुपये आणि वर जीएसटी. त्यात घासाघीस होत नाही. ओन डॅमेजच्या हप्त्यात मात्र कंपन्यांमध्ये बराच फरक पडतो, विचारपूस करावी.

आमच्याच पार्किंगमधल्या एका शेजाऱ्यांचा विमा आपण ज्याला ‘फुल’ म्हणतो तसा, ओन डॅमेजसकट चालू होता. तरी त्यांना इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाडी पुसली आणि सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरचं म्हणणं असं की पुरात गाडी बुडाली हे नुकसान विम्यातलं, पण बुडालेली गाडी चालू केल्याने जे मोडलं ते पुराने मोडलेलं नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर लागतं आणि ते त्यांनी घेतलं नव्हतं. माणूस तावातावाने भांडला, पण पॉलिसीतली अट तशीच होती.

नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: बुडालेल्या गाडीला ना सेल्फ, ना किक, किल्लीसुद्धा फिरवू नये. पाणी असतानाच फोटो आणि व्हिडिओ काढावेत, नंबरप्लेट दिसेल असे. कंपनीला त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घ्यावा, गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मेकॅनिकला पाना लावू देऊ नये. आपले मेकॅनिक उत्साही असतात, सांगेपर्यंत हेड उघडून ठेवतात.

मंजूर क्लेममध्येही कापाकापी असते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या नव्या भागाची निम्मीच किंमत मिळते, आणि हल्लीच्या गाड्या बाहेरून जवळजवळ प्लास्टिकच्याच. झीरो डेप नावाचं वेगळं कव्हर घेतलं तर ही कपात टळते. गाडी पूर्ण गेली तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी रक्कम मिळते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला मूळ किमतीतून 20 टक्के वजा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50. हप्ता कमी दिसावा म्हणून काही एजंट आयडीव्ही खाली ओढतात, तो आकडा सही करण्याआधी बघावा. क्लेम चुकीचा नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी; महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

माणसांच्या विम्याचं कुणी विचारतच नाही. अंगारकीला शहाड, आंबिवलीकडून टिटवाळ्याच्या महागणपतीला येणाऱ्या दुचाक्या पाहा, मागे बायको, मध्ये पोर. गाडी खड्ड्यात घसरली, दुसऱ्या कुठल्या वाहनाचा संबंध नाही, तर मागे बसलेल्याला भरपाई कोण देणार? फक्त थर्ड पार्टी असेल तर कंपनी नाही. अशा पॉलिसीत मागचा माणूस थर्ड पार्टीत धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितलं आहे. ओन डॅमेजसह पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र मागे बसलेला त्यात येतो, हे विमा नियामकाने 2009 मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर प्रश्न वेगळा, तेव्हा त्या वाहनाच्या विम्यावर दावा लागतो. पण आपल्या रस्त्यांवर गाडी घसरायला दुसरं वाहन लागतंच असं नाही.

चालवणाऱ्यासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो, पण तो मालकाचा. आरसी बुकावर वडिलांचं नाव आणि गाडी मुलगा स्टेशनला नेतो, हे घराघरात चालतं. त्या मुलाला हा विमा लागू नाही. मालक स्वतः चालवत असला तरी लायसन्स चालू पाहिजे. आणि संध्याकाळी जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या पोरांनी आपली पॉलिसी खासगी वापराची आहे की नाही ते बघावं. भाड्याने किंवा माल वाहण्यासाठी वापर त्यात बसत नाही.

स्टेशनबाहेर लावलेल्या गाडीचा आरसा किंवा बॅग चोरीला गेली तर विसरा. ॲक्सेसरीची चोरी गाडीसकट झाली तरच दुचाकीच्या विम्यात धरतात. अख्खी गाडी गेली तर त्याच दिवशी एफआयआर आणि कंपनीला फोन. कंपनी नंतर दोन्ही किल्ल्या मागते, दुसरी किल्ली घरी कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

राहिली जुनी गाडी विकण्याची गोष्ट. पैसे घेतले, किल्ली दिली, म्हणजे व्यवहार संपला असं धरतात. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितलं. नव्या माणसाने अपघात केला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. घेणाऱ्यालाही धोका आहेच: थर्ड पार्टी त्याच्याकडे आपोआप जातो, ओन डॅमेज जात नाही, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ते एजंटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. कल्याण आरटीओत जमा झाल्याची पावती घ्या, आणि महिनाभराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते पाहा.