घोडेगावच्या बाजारातला पैसा आणि गावाची तिजोरी

प्रश्न : आमच्या घोडेगावात (ता. नेवासा) कांद्याचे लिलाव होतात, जनावरांचा बाजार भरतो. एवढा पैसा फिरतो, तर त्यातला गावाच्या तिजोरीत किती येतो? शाळेचा पैसा, सरकारी नोकरांचे पगार हेही साध्या माणसाला बघता येतं का?
– एक वाचक

उत्तर : बघता येतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी अर्जही लागत नाही. पण आधी तिजोऱ्या वेगळ्या करू. घोडेगावचा कांदा बाजार हा नेवासा कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार आहे. लिलावावरचं बाजार शुल्क समितीकडे जमा होतं आणि तिचा कारभार 1963 च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. म्हणजे कांद्याच्या ट्रकांची रांग बघून ग्रामपंचायतीच्या श्रीमंतीचा अंदाज बांधू नका. तिची मिळकत मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणारा निधी. शाळेचा पैसा तिसऱ्याच वाटेने येतो.

ग्रामपंचायतीचे हिशेब लेखासंहितेतल्या 33 नमुन्यांत लिहिले जातात. घराचा नमुना 8 चा उतारा तुम्ही काढलाच असेल (तलाठ्याकडचा शेताचा आठ-अ निराळा). त्याच दप्तरात नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 3 म्हणजे जमाखर्च आणि नमुना 5 म्हणजे रोकडवही असते. मी आधी नमुना 3 मागेन. गेल्या वर्षी काय आलं आणि कुठे गेलं, हे तिथे एका नजरेत कळतं.

वित्त आयोगाचा निधी तर घरबसल्या दिसतो. 2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा आराखडा आणि दिलेली देयकं समोर येतात. वाचताना एक लक्षात ठेवा : 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले आहेत. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार देता येत नाहीत. रस्ता राहिला आणि गटार झालं, तर कधी कधी कारण एवढंच असतं.

शाळेसाठी तिचा 11 अंकी यू-डायस क्रमांक मिळवा. पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज सगळं त्यावर निघतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं : 2018 च्या आराखड्यात 100 पर्यंत पट असलेल्या शाळेला 25,000 रुपये होते, त्यापुढे 250 पर्यंत 50,000. एवढ्याशा पैशात खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं भागवायचं. म्हणून मुख्याध्यापकांना जाब विचारण्याआधी हा आकडा जरूर बघा. खर्चाचा तपशील शाळा व्यवस्थापन समितीकडे असतो आणि तिच्यात 75 टक्के पालकच असतात.

आता पगार. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कुणी न मागता जाहीर करायचं असतं. बँक खातं, कर्जाची कपात हा त्या माणसाचा खासगी भाग, त्यात शिरू नये. पण वेतनश्रेणी उघड आहे आणि ती बोलकी आहे. जिल्हा परिषदेच्या कायम प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात 29,200 पासून सुरू होतं, तर तोच वर्ग शिकवणाऱ्या शिक्षणसेवकाला तीन वर्षं महिना 16,000 मानधन. ही तफावत मला बोचते. सरपंचांचं मानधन सप्टेंबर 2024 मध्ये दुप्पट झालं, तरी मोठ्या गावातही ते महिना 10,000 च आहे.

एखादं कार्यालय कागद दाखवत नसेल, तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. हा हक्क तुमच्याच जिल्ह्यातून लढला गेला. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी 2003 मध्ये उपोषण केलं, तेव्हा राज्याचा कायदा मार्गी लागला. देशाचा 2005 मध्ये आला. याच जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं हिवरेबाजार तर पाण्याचाही ताळेबंद ग्रामसभेत मांडतं : पाऊस किती झाला, त्यावर कोणती पिकं परवडतील. तिथे आकडा वाचला जातो आणि माणसं त्यावरून पेरणी ठरवतात.

येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा सगळं दप्तर मागू नका. ई-ग्रामस्वराजवरचं एखादं काम निवडा, त्याची रक्कम चिठ्ठीवर लिहा, आदल्या दिवशी ते काम डोळ्यांनी बघून या आणि सभेत तेवढंच विचारा.