विश्वास पुन्हा जुळताना: योसेफाच्या घरातून एक धडा

वाचन: उत्पत्ती ३७, ४१:५०-५२, ४२ ते ४५, ५०:१५-२१



घर मोडते तेव्हा मोठी माणसे पैशाचा, जागेचा आणि लोकांच्या बोलण्याचा विचार करतात. मुलाचे काय हरवले, हे बहुधा कुणी विचारीत नाही. ‘माझी माणसे मला दगा देणार नाहीत’ ही त्याची खात्री गेलेली असते. बालपणाची निरागसता ती हीच. एकदा गेली की ती जशीच्या तशी परत येत नाही. मग विश्वास पुन्हा उभा राहू शकतो का? योसेफाची कथा या प्रश्नाला सावकाश उत्तर देते.

१. घर कसे मोडले?

याकोब ज्या घरात वाढला तेथे बापाचा ओढा एसावकडे आणि आईचा याकोबाकडे होता. पुढे त्यानेही तेच केले. योसेफावर अधिक माया केली, त्याला खास झगा दिला. इतर मुलांच्या मनात द्वेष साठत गेला.

१७ वर्षांचा योसेफ बापाच्या सांगण्यावरून भावांची खुशाली विचारायला गेला. भावांनी त्याचा झगा काढून घेतला, त्याला कोरड्या विहिरीत टाकले आणि यहूदाच्या सूचनेवरून चांदीच्या २० नाण्यांना विकले. रक्तात बुडवलेला झगा बापापुढे ठेवला. ते खोटे त्या घरात २० वर्षांहून अधिक काळ राहिले.

मिसर देशात योसेफ मोठा अधिकारी झाला. देवाने आपल्याला पित्याच्या घराचा विसर पाडला, या अर्थाने त्याने पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले. पण भाऊ समोर आले तेव्हा तो बाजूला जाऊन रडला (४२:२४). मूल हसते-खेळते, अभ्यासात पुढे आहे, म्हणून ते सारे विसरले असे आपण समजू नये.

२. क्षमा वेगळी, विश्वास वेगळा

दुष्काळात भाऊ धान्यासाठी आले. योसेफाने सूड घेतला नाही, पण लगेच ओळखही दिली नाही. त्याने धाकट्या बन्यामीनला आणायला लावले आणि त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवला. बापाचा लाडका मुलगा पुन्हा संकटात होता. भाऊ त्यालाही टाकून जाणार का?

तेव्हा यहूदा पुढे आला. ज्याने एका भावाला विकण्याचे सुचवले होते, तोच दुसऱ्या भावाच्या जागी गुलाम व्हायला तयार झाला. हे ऐकल्यावर योसेफाला अश्रू आवरेनात आणि त्याने ओळख दिली.

क्षमा दुखावलेला माणूस एकटाही करू शकतो. विश्वास जुळायला मात्र दुखावणाऱ्याचे बदललेले वागणे दिसावे लागते. पुढे १७ वर्षे एकाच देशात राहूनही, बाप वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले. योसेफ रागावला नाही. त्याने त्यांना पुन्हा धीर दिला.

३. आपल्या घरात

• मुलाला त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगा. ‘यात तुझा काही दोष नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगा. अनेक मुले मनातल्या मनात स्वतःलाच दोषी धरतात.

• मुलाला निरोप्या किंवा हेर बनवू नका. विभक्त पालकांनी मुलांना ओलीस धरू नये, एकमेकांविषयी मुलांपुढे चांगले बोलावे, अशी विनवणी पोप फ्रान्सिस यांनी ‘अमोरिस लेतित्सिया’ (२०१६) या पत्रात केली (क्र. २४५).

• लहान शब्द पाळा. रविवारी चार वाजता येतो म्हटले, तर चार वाजता या. मोठ्या भेटवस्तूपेक्षा मुलाला याचा आधार वाटतो.

• मूल जवळ यायला तयार नसेल तर बळजबरी करू नका. योसेफानेही वेळ घेतला.

• जेथे मारहाण किंवा अत्याचार आहे, तेथे क्षमेच्या नावाखाली मुलाला परत पाठवू नका. जोडीदारामुळे मुलांना गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास चर्चचा कायदा मुभा देतो (कलम ११५३). मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आपण शेजारी व धर्मग्रामस्थही जबाबदार आहोत. मिस्सानंतर अशा मुलाला ‘बाबा कुठे असतात?’ असे विचारू नये. प्रभू येशूने एका मुलाला शिष्यांच्या मध्ये उभे केले (मत्तय १८:२). मोठ्यांच्या भांडणात कडेला पडलेल्या मुलाला आपणही तेथेच जागा द्यावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आमच्या घरात कोणत्या मुलाला डावलल्यासारखे वाटते?
२. मी मुलांना दिलेला कोणता शब्द पाळायचा राहिला आहे?
३. यहूदासारखे बदललेले वागणे मी कुणाला दाखवायला हवे?

प्रार्थना: हे प्रभो, विहिरीतील योसेफाला तू एकटे सोडले नाहीस. आमच्या मोडलेल्या घरांतील मुलांना सांभाळ, आणि त्यांनी पुन्हा विश्वास ठेवावा असे आमचे वागणे कर. आमेन.