लाल दिवा खरे काय सांगतो?

हिवाळ्यातली संध्याकाळ. पाच वाजले आहेत. समजा, तुम्ही घरच्या मंडळींबरोबर मोटारीने भोरहून महाडकडे निघाला आहात. वरंध घाटाची वळणे सुरू झाली आहेत आणि अचानक चालकासमोर एक लाल दिवा लागतो. दिव्यावर छोट्या पेटीचे चित्र, त्यात अधिक आणि उणे अशी दोन चिन्हे. "बॅटरी संपली वाटतं," म्हणत वडील गाडी कडेला घेतात आणि इंजिन बंद करण्यासाठी किल्लीला हात घालतात. तुम्ही काय म्हणाल?

चित्र बॅटरीचे असले तरी तक्रार बहुधा बॅटरीची नसते. मोटारीत बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देणे हे आहे. त्यासाठी स्टार्टर एकदोन सेकंद शंभराहून अधिक अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. एकदा इंजिन फिरू लागले, की ते एका पट्ट्याने आल्टरनेटर नावाचे जनित्र फिरवते. जनित्रातली प्रत्यावर्ती धारा डायोडमधून जाऊन दिष्ट होते आणि सुमारे 14 व्होल्ट दाबाने गाडीभर जाते. दिवे, पंखा, इंजिनातील ठिणगी या सर्वांचा खर्च तीच भागवते, शिवाय बॅटरीही भरत राहते. नळाला पाणी असताना रांजणातले पाणी कोण उपसतो? लाल दिवा सांगतो तो इतकेच, की नळ गेला आहे, आता रांजणावर भागवायचे आहे.

दिव्याला हे कळते कसे? घरी करून पाहा. टॉर्चचे दोन सारखे नवे सेल घ्या. दोघांची ऋण टोके तारेने जोडा. दोन्ही धन टोकांच्या मध्ये एका सेलवर चालणारा छोटा बल्ब जोडा. दोन सेल असूनही बल्ब लागणार नाही! बल्बच्या दोन्ही बाजूंना विभव सारखेच आहे. विभवांतर नाही, म्हणून प्रवाह नाही. आता एक सेल काढून त्याच्या जागी नुसती तांब्याची तार जोडा. बल्ब लगेच पेटेल. जुन्या मोटारींत लाल दिव्याची जोडणी अशीच असे. एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरे आल्टरनेटरला. जनित्र वीज देत असेल तर दोन्ही बाजू सारख्या आणि दिवा विझलेला. जनित्र थांबले, की त्याची वेटोळी आपल्या प्रयोगातल्या तारेसारखी वाट करून देतात. नव्या गाड्यांत हे काम छोटा संगणक करतो; दिव्याचा अर्थ बदललेला नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही तो लागू शकतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तेव्हा घाटात पहिली नजर टाकायची ती इंजिनाचे तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे. पुष्कळ गाड्यांत जो पट्टा जनित्र फिरवतो, तोच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टाच तुटला असेल तर इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत नाही. काटा वर चढत असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंदच केले पाहिजे. मग पुढचा सगळा हिशेब फोल. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. आत कोंडलेली वाफ हात भाजते.)

काटा जागच्या जागी असेल, तर हिशेबाला बसू. बॅटरी 40 अँपिअर-तासांची आणि इंजिनाचा स्वतःचा विजेचा खर्च 10 अँपिअर धरू. पुढचे 60 वॉटचे दोन दिवे लावले, तर 120 ला 12 ने भागून आणखी 10 अँपिअर. वातानुकूलन आणि पंखा यांचे 10 धरा. एकूण 30 अँपिअर, म्हणजे जेमतेम 1 तास 20 मिनिटे. फक्त इंजिन चालवले तर 4 तास. पण कागदावरच्या या आकड्यांच्या निम्म्याचाच भरवसा धरावा. बॅटरीवर छापलेला आकडा सावकाश, सुमारे 20 तासांत, रिकामी करण्याचा असतो. वेगाने उपसली की ती कमी देते. शिवाय ती पुरती रिकामी होण्याआधीच दाब इतका उतरतो, की इंजिन बंद पडते.

म्हणून वडिलांना सांगायचे, "बाबा, इंजिन बंद करू नका." एकदा बंद केले, की पुन्हा सुरू करायला लागणारे शंभर अँपिअर उतरलेल्या बॅटरीतून निघतीलच असे नाही. वातानुकूलन, रेडिओ, फोन भरण्याची तार, सगळे बंद. उजेड आहे तोवरच महाड किंवा वाटेतले जवळचे गाव गाठायचे, कारण अंधार पडल्यावर घाटात दिव्यांची काटकसर करता येत नाही. ज्या गाड्यांचे सुकाणू विजेच्या मोटरने हलके होते, त्यांचे सुकाणू दाब उतरताच जड होऊ शकते. तसे वाटले, तर पुढे न जाता जागा पाहून थांबणेच बरे.

गावातला मेकॅनिक बहुधा पट्टा किंवा जनित्रातले झिजलेले कार्बनचे ब्रश बदलेल. नुसती नवी बॅटरी बसवून निघालात, तर थोड्या वेळात तीही उतरेल.

उद्या गाडीत बसाल तेव्हा एक पाहा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागायलाच हवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत जनित्राला जागे करणारा पहिला अल्प प्रवाह या दिव्यातूनच जात असे. तिथे दिवा जळाला, तर जनित्र ठणठणीत असूनही वीज द्यायला सुरुवात करत नसे, आणि ते सांगायला दिवाही उरत नसे.